कचरा उंबऱ्याबाहेर गेला, पण कुठे?

सकाळी दारावरची घंटा वाजते, बादली रिकामी होते आणि मध्यमवर्गीय गृहस्थाच्या दृष्टीने कचऱ्याचा प्रश्न त्याच क्षणी संपतो. वास्तविक तो तेथे सुरू होतो. उंबऱ्याबाहेर गेलेली वस्तू पृथ्वीबाहेर जात नाही. ती कुणाच्या तरी शेताच्या बांधावर, कुणाच्या तरी विहिरीजवळ जाऊन पडते.

पुण्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कोथरूडभोवती वस्ती दाटल्यावर तेथील कचरा डेपो बंद झाला आणि नव्वदच्या दशकापासून शहराचा कचरा उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या वेशीवर साचू लागला. विहिरींचे पाणी बिघडले. दुर्गंधी आणि माशा नित्याच्या झाल्या. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली, तेव्हा ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या आणि सुमारे तीन आठवडे पुण्याच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग राहिले. शहर संतापले, परंतु जे शहराला तीन आठवडे सोसवेना, ते या गावांनी पाव शतक सोसले होते, याची आठवण किती जणांना झाली?

नियमांची उणीव आहे, असे कुणी म्हणू शकणार नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन आणि उद्याने व क्रीडांगणे हे दोन्ही विषय नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवलेले आहेत. कचऱ्याचे घरातच वर्गीकरण करण्याचा दंडक २००० च्या केंद्रीय नियमांनी घातला, तर २०१६ च्या नियमांनी ओला, सुका व घातक असे तीन भाग करण्यास सांगितले आणि मोठ्या गृहसंकुलांवर स्वतःचा ओला कचरा जागेवरच जिरवण्याची जबाबदारी टाकली. उणीव आहे ती अंमलबजावणीच्या इच्छाशक्तीची.

या शहराने एक निर्णय मात्र खरोखर दूरदृष्टीने घेतला. कचऱ्यातून भंगार वेचून पोट भरणाऱ्या महिलांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निर्माण झाली आणि २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम या महिलांच्या हाती दिले. घरांकडून मिळणारे मासिक शुल्क आणि सुका कचरा विकून येणारे पैसे, हे त्यांचे उत्पन्न. त्या जितके वेचतात, तितका कचरा डेपोवर जात नाही व पालिकेचा वाहतूक खर्च वाचतो. जी स्त्री काल उकिरड्यावर दिसत होती, ती ओळखपत्र घेऊन सन्मानाने दाराशी येऊ लागली. समाजातील अंतर भाषणांनी कमी होत नाही, ते अशा व्यवस्थांनी होते.

असे असूनही कराराची मुदत संपली की याच महिलांना पालिकेच्या दारात तिष्ठावे लागले, अल्प मुदतवाढीवर काम रेटावे लागले. यंत्रे आणि मोठे ठेकेदार आणले की प्रश्न सुटेल, हा समज सभागृहांत वारंवार डोके वर काढतो. परंतु यंत्राला वर्गीकृत कचरा लागतो. पाच टनी बायोगॅस प्रकल्पांपैकी अनेक पूर्ण क्षमतेने चालू शकले नाहीत, त्यामागे मिश्र कचरा हे एक ठळक कारण होते. घरात जो दोन मिनिटांचा कंटाळा होतो, त्याची किंमत पुढे कोट्यवधी रुपयांत मोजावी लागते.

उद्यानांचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. बागेतील पाचोळा पोत्यांत भरून डेपोकडे पाठवणे किंवा कोपऱ्यात पेटवून देणे, हा दुहेरी अपव्यय होय. तोच पाचोळा तेथेच खड्ड्यात कुजवला तर बागेला खत मिळते. ‘आमच्या बागेत दुर्गंधी नको’ हा आक्षेप समजण्याजोगा आहे. पण कोरड्या पाचोळ्याला दुर्गंधी येत नाही. ती येते स्वयंपाकघरातला ओला कचरा हवेविना कोंडल्यामुळे. म्हणून मर्यादा स्पष्ट असावी: बागेचा पाचोळा बागेत जिरावा, पण साऱ्या प्रभागाचा कचरा बागेत आणू नये. त्यासाठी विकास आराखड्यात प्रत्येक प्रभागात वर्गीकरणाची स्वतंत्र जागा राखली पाहिजे. मुलांचे मैदान आणि वृद्धांचा बाक हा कुठल्याही प्रकल्पासाठी उपलब्ध असलेला मोकळा भूखंड नव्हे.

हे अशक्य नाही, हे सिंधुदुर्गातील छोट्याशा वेंगुर्ले नगर परिषदेने दाखवून दिले आहे. काटेकोर वर्गीकरण आणि सातत्य यांच्या बळावर तेथील कचराभूमी पाहुण्यांना अभिमानाने दाखवण्याजोगी झाली. वेंगुर्ल्याकडे पुण्याएवढा पैसा नव्हता, निश्चय होता.

महापालिकेने म्हणून तीन गोष्टी कराव्यात. वेचक महिलांशी दीर्घ मुदतीचा करार करावा, प्रत्येक प्रभागात किती कचरा निघाला व किती जिरला याचा हिशेब दरमहा जाहीर करावा आणि उद्यानांच्या जागा इतर वापरांपासून राखाव्यात. नागरिकांनी एकच करावी: दोन बादल्या ठेवाव्यात आणि सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून, त्यावर लाल खूण करून वेगळा द्यावा, म्हणजे तो उचलणाऱ्या हातांना उघड्याने स्पर्श करावा लागणार नाही.

गाडगेबाबा कीर्तनाच्या गावी गेले की आधी खराटा हाती घेत, मग कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या तसबिरीला हार घालणारी घरे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्या घरांतल्या बादल्या किती, यावर त्या हाराचे मोल ठरेल.