जांभ्याखालचे पाणी

ज्या रत्नागिरी जिल्ह्यावर दर वर्षी ३,००० मिलिमीटरहून अधिक पर्जन्य कोसळते, त्याच जिल्ह्यातील वाड्यांकडे वैशाखात टँकर धाडण्याचे हुकूम सुटावेत, याचे कारण भूगर्भात आहे: सच्छिद्र जांभ्यात मुरलेले पाणी खालच्या चिकणमातीवर व काळ्या कातळावर अडते आणि उतार धरून झऱ्यांवाटे पऱ्ह्यांत, तेथून खाडीत निघून जाते. किनाऱ्यालगत उपसा वाढला की विहिरींत खारे पाणी शिरते, ते निराळेच. या भूजलाची दिशा, गती व गुणवत्ता चिकाटीने मोजणारे डॉक्टरेटचे प्रबंध विद्यापीठांच्या दप्तरी पडून न राहता, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण-विहिरींच्या नोंदींसह, मराठीत ग्रामसभेपुढे वाचले जावेत, आणि नव्या विंधन विहिरीस मंजुरी देण्यापूर्वी वरच्या सड्यावर पाणी कोठे मुरते हे आधी पाहिले जावे, अशी आमची कळकळीची मागणी आहे.