बोधचिन्ह कुणाचे, चित्रफीत कुणाची?

जुना कृष्णधवल चित्रपट सुरू होण्याआधी काही सेकंद पडद्यावर एक बोधचिन्ह हलते. अक्षरे जुळत येतात, संगीताचा तुकडा वाजतो आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा शिक्का उमटतो. या संस्थेची स्थापना पुण्यात 1964 साली झाली. मार्च 2022 मध्ये केंद्र सरकारने ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन केली. तेव्हापासून आधी महामंडळाचे नाव आणि मग संग्रहालयाचे. कुणी म्हणेल, एवढ्याशा चिन्हावर लेख कशाला? आमचा सारा जन्म शिक्के तपासण्यात गेला. कागद कुणाचा हे बऱ्याचदा त्यावरचा शिक्काच ठरवतो, हे आम्हांस ठाऊक आहे.

आम्ही कायद्याचे शिक्षण घेत होतो तेव्हा लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्या वास्तूपुढून जात असू. आवारात बॅ. मुकुंदराव जयकरांचा बंगला आहे. 1932 च्या पुणे करारावर सही करणारे हेच जयकर. 1946 च्या डिसेंबरात घटना समितीत त्यांच्याच उपसूचनेच्या बाजूने बाबासाहेबांनी आपले ते गाजलेले पहिले भाषण केले. ही आठवण आवाराबाहेर सांगणारा कुणी भेटला नाही, पण तो विषय वेगळा.

मुद्दा कायद्याचा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क, तो प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे चालतो. 1956 साली प्रसिद्ध झालेला चित्रपट 2016 अखेर जनतेचा झाला. त्याच्यापुढे बोधचिन्ह फिरवले म्हणून हक्क पुन्हा जिवंत होत नाही. संग्रहालय त्या फितीचे राखणदार आहे. आणि राखणदाराचे नाव सातबाऱ्यावर चढत नसते! राखणीचे श्रेय त्याला जरूर द्यावे. पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून डबे गोळा केले नसते, तर आज दाखवायलाही काही उरले नसते. परंतु आधी नाव कुणाचे, हा प्रश्न उरतोच.

तो आम्ही विचारतो नामदेव व्हटकरांसाठी. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे दिल्लीत महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत लोटलेला तो जनसागर फितीवर यावा म्हणून या लेखक-चित्रपटकाराने स्वतःचा छापखाना गहाण टाकला आणि कॅमेरा उभा केला. त्या काळी कच्ची फीत महाग, कॅमेरा भाड्याचा, आणि पुन्हा घेता येईल असे ते दृश्य नव्हते. आज अंत्ययात्रेची दृश्ये दर डिसेंबरात मोबाइलवर फिरतात. कोपऱ्यात कुठल्या तरी वाहिनीचे चिन्ह झळकत असते. ज्याने छापखाना घालवला त्याचे नाव कुठे असते? आपल्यापैकी किती कार्यकर्ते ती दृश्ये पुढे पाठवताना व्हटकरांचे नाव लिहितात, हेही एकदा प्रामाणिकपणे सांगावे.

दुसरे उदाहरण केरळचे. ‘विगतकुमारन’ या पहिल्या मल्याळम चित्रपटाची नायिका पी. के. रोझी दलित समाजातील होती. तिने पडद्यावर नायर स्त्री रंगवली म्हणून सवर्ण प्रेक्षक खवळले, तिला गाव सोडून पळावे लागले. त्या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. बोधचिन्ह फिरवायचे तरी कशापुढे? अर्थात जे नष्ट झाले ते सारेच जातीमुळे नष्ट झाले, असे आम्ही म्हणणार नाही. ‘आलम आरा’ही उरला नाही. जुनी नायट्रेट फीत पेट घेते. 2003 च्या जानेवारीत पुण्यातच अशा फितींचे कोठार जळाले. चांदीसाठी तर कित्येक फिती विकल्या गेल्या. पण जे वाचवायचे ते कुणी निवडायचे, हा प्रश्न आगीने सुटत नाही.

2022 साली सुमारे 2200 चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी 363 कोटी रुपयांची घोषणा झाली. पैसा जनतेचा आहे. त्या यादीत आंबेडकरी चळवळीची किती चित्रणे आहेत, हे माहिती अधिकाराच्या एका अर्जाने विचारता येते. शुल्क दहा रुपये. शिवाय बोधचिन्हाइतकाच वेळ चित्रणकर्त्याच्या नावाला पडद्यावर मिळावा, अशी मागणी लेखी स्वरूपात महामंडळाकडे गेली पाहिजे.

आणि आपल्या घरात काय आहे? 1991 च्या जन्मशताब्दीच्या मिरवणुका, नामांतराचे मोर्चे, विहारांची उद्घाटने, सारे व्हिडिओ कॅसेटवर आहे. कपाटावर, पोटमाळ्यावर त्या कॅसेटना बुरशी चढते आहे. त्यांवर शाईने लिहिलेली नावे पुसट झाली आहेत. ती वाचू शकणारी माणसे आज सत्तरीत आहेत. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की त्यांच्याजवळ बसून आधी ती नावे उतरवून घ्यावीत.