टाळे कोणाच्या दारास?

दुकाने व आस्थापना चोवीस तास उघडी ठेवण्यास मुभा असल्याचे राज्य शासनाने १ ऑक्टोबर २०२५ च्या निर्णयाने स्पष्ट केले, परंतु मद्यविक्रीची दुकाने, परमिट रूम व बिअर बार यांना त्या मुभेतून वगळले. कापडाचे वा किराण्याचे दुकान रात्रभर चालण्यास हरकत नाही, दारूच्या दुकानास मात्र वेळेचे कुंपण हवेच, हे तत्त्व त्यामुळे पुन्हा एकदा मान्य झाले. आम्ही त्याचे स्वागत करतो. सावेडी-केडगावच्या वसाहतींत काय किंवा भिंगारच्या पेठेत काय, रात्री उशिरापर्यंत चालणारा मद्यपींचा धिंगाणा ज्यांच्या दाराशी घडतो, त्यांना या कुंपणाचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु हे कुंपण कोणाचे रक्षण करते आणि कोणास उघड्यावर सोडते, याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो.

वेळेचे बंधन निरुपयोगी असते, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. ब्राझीलमध्ये साओ पाउलो महानगराला लागून दियादेमा नावाचे औद्योगिक शहर आहे. खुनांच्या संख्येमुळे ते कुप्रसिद्ध झाले होते. जुलै २००२ पासून तेथील नगरपालिकेने रात्री ११ नंतर पिण्याच्या ठिकाणी मद्यविक्री बंद केली व ती बंदी कसोशीने अमलात आणली. पुढे झालेल्या अभ्यासात असे आढळले की, त्यामुळे दरमहा जवळजवळ ९ खून टळले. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल शहरात २००८ साली मद्यगृहांची पहाटेची वेळ अलीकडे आणली, तेव्हाही रात्रीच्या मारहाणी सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. यात गूढ काही नाही. मध्यरात्रीनंतर प्यालेली माणसे एकाच जागी जमतात, मागची उणीदुणी निघतात, आणि सोडविणारे शहाणे लोक तोवर झोपी गेलेले असतात. ती जागाच बंद झाली की, भांडणाला आखाडा उरत नाही.

मात्र दियादेमाच्या त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष फारसा कोणी सांगत नाही. स्त्रियांवरील हल्लेही तेथे कमी झालेले दिसले. पण एकूण काळाचा कल हिशेबात धरताच ती घट खात्रीने बंदीच्या पदरात टाकता येईना. याचा अर्थ स्वच्छ आहे. रात्रीचे टाळे चौकाचे रक्षण करते. स्वयंपाकघराचे करते, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. चौकात पुरुष पुरुषाला मारतो, ते गल्लीला दिसते व पोलिसांच्या दप्तरात उतरते. घरात जे घडते ते भिंतीआड राहते. दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगणाऱ्या मुलाकडे पाहून ते केवळ त्याच्या शिक्षकाला कळते.

आपल्या जिल्ह्यात हा भेद अधिकच तीव्र आहे. येथे पिणारा मनुष्य बहुधा बंद होण्याच्या वेळेपर्यंत बारमध्ये बसून राहत नाही. तो संध्याकाळी मजुरीचे पैसे हाती पडताच देशी दारूच्या दुकानाकडे वळतो, किंवा बाटली घेऊन घर गाठतो. उशीर झालाच तर ढाबा आहे आणि गावाबाहेरची हातभट्टी आहे. पुणे, मनमाड, कल्याण, सोलापूर व छत्रपती संभाजीनगर या दिशांना नगरहून रस्ते फुटतात. महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूचे दुकान नसावे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. परंतु लहान गावांपुरते ते अंतर २२० मीटरवर आले आणि जुलै २०१७ मध्ये नगरपालिका व महानगरपालिकांच्या हद्दीतील दुकानांना मोकळीक मिळाली. परवाना नसलेल्या ढाब्यास तर यातील कोणताच आकडा ठाऊक नसतो.

बेकायदा दारूचा अर्थ काय होतो, हे नगर तालुक्यातील पांगरमलने फेब्रुवारी २०१७ मध्ये पाहिले. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या धामधुमीत झालेल्या मेजवानीतील बनावट दारूने गावकऱ्यांचे प्राण घेतले, आणि त्या दारूचा माग काढता तपास जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या आवारातील उपाहारगृहापर्यंत पोहोचला. परवानाधारक दुकानाचे टाळे किती वाजता लागले, या प्रश्नाला तेथे काहीच अर्थ नव्हता. ज्या दारास टाळे लावावयाचे ते दार कायद्याच्या नोंदवहीतच नव्हते.

मग संपूर्ण बंदी करावी काय? चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून ती केली गेली व २०२१ साली उठविली गेली. अवैध विक्री वाढल्याचे कारण शासनाने पुढे केले. दुसरीकडे आपल्याच जिल्ह्यात राळेगण सिद्धी व हिवरे बाजार या गावांनी दारू हद्दपार करून दाखविली. राळेगणमध्ये मद्यपींना खांबास बांधण्यापर्यंत मजल गेली. त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण त्या गावांचे खरे बळ त्या खांबात नव्हते. पाणी अडविल्याने शेतीला जीव आला, भट्टीवर पोट भरण्याची वेळ उरली नाही, आणि बंदीचा निर्णय गावाने स्वतः घेतला, म्हणून तो पाळलाही.

हा निर्णयाधिकार स्त्रियांना देण्यासाठीच ‘उभी बाटली, आडवी बाटली’ ही मतदानाची पद्धत आली. २००८ सालच्या आदेशाने गावातील २५ टक्के महिलांच्या मागणीवरून मतदान घेण्याची तरतूद केली. पण दुकान बंद होण्यास नोंदलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडली पाहिजेत, ही अटही घातली. आमदार निवडण्यास झालेल्या मतांतील सर्वाधिक मते पुरतात. दारूचे दुकान हटविण्यास मात्र न आलेल्या बाईचे मतही दुकानदाराच्या पारड्यात मोजले जाते. पाथर्डी, शेवगाव वा जामखेडची ऊसतोड कामगार स्त्री हंगामाचे महिने फडावर असते. तिच्या गैरहजेरीत मतदान झाले, तर तिला नको असलेली बाटली तिच्याच नावाने उभी राहते.

शासनाच्या मनाची द्विधाही येथे सांगितली पाहिजे. नव्या मद्यविक्री दुकानास गृहनिर्माण संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र बंधनकारक करण्याची घोषणा मार्च २०२५ मध्ये विधानसभेत झाली. त्याच वर्षी जूनमध्ये मद्यावरील शुल्कवाढीतून सुमारे १४,००० कोटी रुपये अधिक मिळतील, असा अंदाजही शासनाने मांडला. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरने सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला, तेथे उसाच्या मळीपासून मद्यार्क निघतो व त्यावरही अनेकांची चूल पेटते. हा पैसा नाकारावा, असे आम्ही म्हणत नाही. तो घेणाऱ्याने त्यामागून येणारी जबाबदारीही घ्यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ती जबाबदारी पार पाडावयाची तर काही गोष्टी तातडीने व्हाव्यात. रात्रीच्या वेळेचा नियम परवानाधारकापेक्षाही ढाबे व हातभट्ट्या यांच्यावर आधी चालवावा, आणि एखाद्या हद्दीत अवैध विक्री पुन्हा पुन्हा सापडल्यास पोलीस व उत्पादन शुल्क खात्याच्या संबंधित अधिकाऱ्यास जाब विचारावा. आडव्या बाटलीचा निकाल झालेल्या मतांवर लागावा, आणि ते मतदान ऊसतोड कामगार गावी परतल्यावर घ्यावे. ११२ क्रमांकावर रात्री आलेली मारहाणीची तक्रार ‘घरचे भांडण’ म्हणून बोळविली जाऊ नये. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ सालचा कायदा शोभेसाठी केलेला नाही. आणि वेळेच्या बंधनाचे यश मोजताना चौकातील गुन्ह्यांबरोबर या तक्रारींचीही मोजदाद व्हावी.

दुकानाची फळी वेळेवर पडली व गल्ली शांत झाली, म्हणजे नागरिकांस समाधान वाटणे साहजिक आहे. त्या समाधानात आपण एवढे विसरू नये की, रस्त्यावरचा गोंधळ थांबला त्या वेळी तो करणारा मनुष्य आपल्या घराकडे निघालेला असतो. तेथे त्याची वाट पाहणाऱ्या बाईला ती शांतता लाभली, तरच रात्रीचे टाळे योग्य दारास लागले असे म्हणता येईल.