पूररेषा कोण आखणार?

म्हादईच्या काठावरील सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतील ग्रामस्थ 23 जुलै 2021 हा दिवस विसरलेले नाहीत. 1982 नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे त्या वेळी खुद्द मुख्यमंत्र्यांनीच सांगितले होते. मातीच्या भिंतींची घरे विरघळून गेली, पंचनामे झाले, सानुग्रह साहाय्याची घोषणा झाली. आणि चवथ येईपर्यंत नदीचा विषय मागे पडला! पावसाबरोबर पूरही विसरायचा, ही आपली जुनी खोड आहे.

पूरप्रवण भूमीवरील बांधकामे नियंत्रित करणारे आदर्श विधेयक केंद्राने 1975 सालीच राज्यांकडे धाडले. मणिपूरने 1978 साली तसा कायदा केला, पुढे राजस्थाननेही केला. अशी राज्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. त्यांत गोवा नाही. शेजारच्या महाराष्ट्रात निळी आणि लाल पूररेषा आहे खरी. परंतु रेषा आखून भागत नाही, हे 2019 साली कोल्हापूरकरांनी छातीभर पाण्यात उभे राहून अनुभवले.

आमच्या पूर्वजांना नकाशाची गरज भासली नाही. वाडे उंचवट्यावर, खाली शेत, त्याखाली खाजन, बांध आणि मानस. पाण्याला त्याची जागा दिलेली होती. आज त्याच सखल जमिनीवर भराव पडतो आणि पाणी शेजाऱ्याच्या अंगणात शिरते.

आता विम्याविषयी. 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांना देणे बंधनकारक आहे आणि तीत पुराचा अंतर्भाव आहे. ज्याने कर्ज काढले त्याचे घर बँकेच्या आग्रहाने विमासंरक्षित होते. पण वडिलोपार्जित घराचे काय? नोंदी आजोबांच्या नावावर, वारस चौघे, त्यांतील दोघे मुंबईला. भरपाई घेणार कोण? मुंडकाराचे घर त्याचे, खालची जमीन दुसऱ्याची. या गुंत्यात हप्ता भरण्याचा विचार कुणाच्या मनात येणार?

म्हणून आमचे म्हणणे असे की, शासनाने 1982 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणा प्रमाण मानून, सर्व्हे क्रमांकानिशी पूररेषा प्रत्येक पंचायतीत लावावी आणि खरेदीखतात तिचा उल्लेख सक्तीचा करावा. रेषेच्या आत नवे रूपांतर नको. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्यांना मात्र हुसकावून न लावता त्यांच्या विम्याच्या हप्त्याचा काही भार शासनाने उचलावा. रेषेआड भराव घालून बंगले बांधणाऱ्यांना ही सवलत मिळता कामा नये.