नरवाईची आग आणि भोपाळमध्ये बसलेले शेतमालक

होळी झाली की नर्मदेच्या खोऱ्यात गव्हाची कापणी सुरू होते. हार्वेस्टर वरच्या ओंब्या कापून नेतो आणि वीतभर धसकटे शेतात उभी राहतात. हीच नरवाई. एप्रिलमध्ये कोरडे ऊन आणि दुपारचा पश्चिमेचा वारा असताना तिला काडी लावली की आग बांधावर थांबत नाही. एप्रिल 2019 मध्ये होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यात वाऱ्याने पसरलेल्या आगीत अनेक गावांचा उभा गहू जळाला, माणसेही दगावली.

शेतकऱ्याला धोका कळत नाही असे आम्हांला वाटत नाही. त्याची अडचण वेळेची आहे. तवा धरणाच्या कालव्यामुळे हरदा-नर्मदापुरम भागात गव्हानंतर उन्हाळी मूग घेतला जातो. मूग साठ-पासष्ट दिवसांचा, आणि पावसाआधी घरात यायला हवा. म्हणजे गहू निघाल्यावर शेत रिकामे करायला मोजकेच दिवस मिळतात. 2025 मध्ये गव्हाला बोनस धरून क्विंटलला 2,600 रुपये भाव होता, मुगाचा हमीभाव 8,682 रुपये. मुगाचा उतारा कमी असला तरी हे पीक कोण सोडेल?

शासनाने आधी दंड ठेवला: दोन एकरांपर्यंत 2,500, पाच एकरांपर्यंत 5,000 आणि त्यावर 15,000 रुपये. मग 1 मे 2025 पासून नियम कडक झाला. नरवाई जाळणाऱ्याला वर्षभर मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचे पैसे नाहीत आणि हमीभावाने खरेदीही नाही. ही शिक्षा जाळणाऱ्याला आहे. ज्याचे शेत शेजाऱ्याच्या आगीत गेले, त्याचे काय?

आमचे आयुष्य बँकेत गेले, म्हणून हिशेब मांडतो. किसान क्रेडिट कार्डाचे कर्ज पीक जळाले म्हणून माफ होत नाही. पीक विम्यात रब्बीला शेतकऱ्याचा हप्ता दीड टक्का असतो, पण त्यात संरक्षण आहे ते वीज आणि नैसर्गिक आगीपासून. टाळता येण्यासारखे, माणसाने केलेले नुकसान त्यात बसत नाही. शिवाय उत्पन्नातली घट पटवारी हलक्याच्या सरासरीवर ठरते, एकट्याचे शेत जळाले तर सरासरी फारशी हलत नाही. उरते महसूल खात्याची आर. बी. सी. 6-4 खालची मदत. तिला पंचनामा लागतो, आणि ती मदतच असते, भरपाई नव्हे.

आता आपल्याकडे वळू. आपल्या मंडळातील काही कुटुंबांची वडिलोपार्जित जमीन त्या भागात आहे, आणि ती बहुधा बटाईवर दिलेली असते. काडी लावणारा बटाईदार असला, तरी खसऱ्यात नाव आपले असते. चौकशी आपल्या दारी येऊ शकते, आणि शेजारच्या शेतकऱ्याशी पिढ्यांचे संबंध बिघडतात ते वेगळेच.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, बटाई तोंडी ठेवू नये. 2016 च्या राज्य कायद्याने लेखी करार करता येतो, त्यात नरवाई न जाळण्याची अट घालावी. दुसरी, नुसती अट घालून भागणार नाही. सुपर सीडरने धसकटांतच मूग पेरता येतो, स्ट्रॉ रीपरने भुसा निघतो. त्या यंत्रांच्या भाड्याचा निम्मा वाटा मालकाने उचलावा, कारण मुगाच्या उत्पन्नात त्याचाही वाटा असतो. तिसरी, कापणीपूर्वी बांधालगत नांगराची दोन-तीन तासे मारून घ्यावीत, पाण्याचा टँकर जवळ ठेवावा आणि शेतावरून लोंबणाऱ्या विजेच्या तारांची तक्रार वीज कंपनीकडे लेखी द्यावी.

पुढचा हंगाम ठरवताना बटाईदाराशी हिश्शाबरोबर एवढेही बोलून घ्यावे, ही विनंती.