चौकशी कोणी कोणाची करावयाची?

रेल्वेचा मोठा अपघात झाला की त्याची वैधानिक चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत काम करतात. ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते आणि कळली तर सरकारी गोंधळाचा नमुना वाटते. वास्तविक त्यामागे मोठा शहाणपणा आहे. ज्या रेल्वे मंडळाच्या कारभाराची तपासणी करावयाची, त्याच मंडळाच्या हाताखाली तपासनीस असू नयेत, हे तत्त्व परक्या राजवटीत मान्य झाले आणि मे १९४१ मध्ये रेल्वेचे सरकारी तपासनीस त्या वेळच्या टपाल व हवाई खात्याकडे सोपविण्यात आले. आयुक्तांची निवड रेल्वेच्या अधिकाऱ्यांतूनच होते, त्यामुळे हे स्वातंत्र्य सोळा आणे आहे असे म्हणता येणार नाही. तरीही अहवाल लिहिताना त्यांच्या मानेवर रेल्वेमंत्र्यांचा हात नसतो, हे थोडे नाही.

मग विमान पडले तर चौकशी कोणी करावयाची? ती विमान अपघात अन्वेषण विभागाकडे असते आणि हा विभागही त्याच नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचा घटक आहे. म्हणजे रेल्वेसाठी जे मंत्रालय त्रयस्थ, तेच विमानांच्या बाबतीत मात्र घरधनी! हेच मंत्रालय विमान कंपन्यांविषयीचे धोरण ठरविते, छोट्या शहरांकडे विमाने जावीत म्हणून ‘उडान’ योजनेतून उत्तेजन देते, आणि कंपन्यांवर अंकुश ठेवणारे महासंचालनालयही त्याच्याच हुकमतीखाली असते. जानेवारी २०२२ पर्यंत तर एअर इंडिया ही कंपनीदेखील याच मंत्रालयाच्या पदरी होती. अन्वेषण विभाग महासंचालनालयापासून वेगळा झाला तोच मुळी २०१२ मध्ये. पण वेगळा होऊन तो गेला शेजारच्या खोलीत.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले आणि २६० माणसे प्राणास मुकली. महिन्याभरात प्राथमिक अहवाल निघाला. उड्डाणानंतर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचे इंधननियंत्रक एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले, असे त्यात नमूद होते; एका वैमानिकाने ‘इंधन का तोडलेस’ असे विचारले व दुसऱ्याने ‘मी तोडले नाही’ असे उत्तर दिले, एवढाच संभाषणाचा त्रोटक सारांश होता. त्यावरून जगभर तर्कांचा धुरळा उडाला आणि मृत वैमानिकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. अशा वेळी लोकांना अहवालातील वाक्यांइतकाच ती लिहिणाऱ्याच्या निःस्पृहतेचा आधार लागतो. विमानाच्या देखभालीवर महासंचालनालयाची नजर पुरेशी होती काय, हाही चौकशीचाच एक प्रश्न ठरतो. आणि तो विचारणाऱ्याने उत्तर देणाऱ्याच्याच मंत्रालयात बसावे, ही रचना प्रामाणिक अधिकाऱ्यावरही अन्याय करणारी आहे.

कायद्याला ही रचना बदलण्याची संधी मिळालीच नाही, असे नाही. १९३४ च्या विमान अधिनियमात २०२० साली दुरुस्ती होऊन महासंचालनालय व अन्वेषण विभाग यांना वैधानिक दर्जा मिळाला आणि दंडाची मर्यादा दहा लाखांवरून एक कोटीवर गेली. त्यानंतर जुना अधिनियमच मोडीत निघून भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. नाव पालटले, देखरेखीची आणि आदेश देण्याची सत्ता मात्र केंद्र सरकारच्या हाती होती तशीच राहिली. २०१३ मध्ये स्वायत्त प्राधिकरण स्थापण्याचे विधेयक लोकसभेत मांडले गेले होते. ते त्या लोकसभेबरोबरच निकालात निघाले.

सत्ता कोठे आहे यावर नियमाचे बळ कसे अवलंबून असते, हे डिसेंबर २०२५ मध्ये दिसले. २०१० मध्ये मंगळूरला १५८ जणांचा बळी घेणाऱ्या विमानाचा कप्तान प्रवासात दीड तासाहून अधिक काळ झोपला होता, असे चौकशीत आढळले होते. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारा आणि रात्रीच्या कामावर मर्यादा घालणारा नियम जानेवारी २०२४ मध्ये निघाला. कंपन्यांच्या विरोधामुळे तो लांबला, उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेल्यावर टप्प्याटप्प्याने अमलात आला. तयारीला एवढा अवधी मिळूनही इंडिगोची हजारो उड्डाणे कोलमडली. आणि रात्रीच्या कामाच्या काही बंधनांतून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. विमानतळांवर अडकलेल्या प्रवाशांचे हाल खरे होते. परंतु तेवढ्यासाठी थकव्याचे शास्त्र काही स्थगित होत नाही.

स्वायत्त संस्था म्हणजे निवृत्त सनदी अधिकाऱ्यांचे विश्रामधाम, मंत्री निदान संसदेला जबाबदार असतो, हा आक्षेप निराधार नाही. पण अमेरिकेने १९७४ च्या कायद्याने आपले अपघात चौकशी मंडळ वाहतूक खात्यातून पूर्णपणे बाहेर काढले ते याच कारणासाठी, की खात्याचाच एक भाग असलेले मंडळ खात्याचे परीक्षण करू शकत नाही. त्या मंडळाला हुकूम सोडण्याचा अधिकार नाही. ते केवळ शिफारशी करते, मात्र उघडपणे. आपल्याकडेही १९९६ च्या चरखी दादरीच्या आकाशातील टकरीत ३४९ माणसे गेल्यावर न्यायमूर्ती लाहोटी यांच्याकडे चौकशी सोपविली गेली आणि टक्कर टाळणारी यंत्रणा विमानांवर बसविणे सक्तीचे झाले.

तेव्हा दुरुस्ती लहानशीच हवी. अन्वेषण विभागाच्या प्रमुखाला निश्चित मुदत असावी, अहवाल मंत्र्यांच्या हातून न जाता थेट संसदेपुढे यावा आणि कोणती शिफारस का स्वीकारली नाही, हे सरकारला ठराविक दिवसांत लेखी सांगावे लागावे. विभाग हलवावयाचा तर कोठे, हा प्रश्न उरतो. १९४१ मध्ये रेल्वेच्या तपासनिसांबाबत तोच प्रश्न निघाला तेव्हा टपाल खाते चालले होते.