नळीच्या वाटेबाबत जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
ठाणे.

विषय : बेलपाडा (ता. मुरबाड) येथून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जाणारी नळीची वाट सरसकट बंद न करता तिथल्या गर्दीचे नियमन करणे आणि तातडीच्या मदतीची सोय बेलपाड्यात उभी करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे बेलपाडा परिसरातले वाटाडे आहोत आणि मुंबई, कल्याण, पुण्याहून वर्षानुवर्षे या डोंगरात येणारे भटकेही. एरवी वाटाडे एक मागतात आणि शहरातले दुसरेच. नळीच्या वाटेबाबत मात्र आमचे म्हणणे एक आहे, म्हणून हे निवेदन एकत्र देत आहोत.

ही वाट कागदावर समजावून सांगणे अवघड आहे. बेलपाड्यातून समोर पाहिले की कोकणकड्याची अंतर्वक्र भिंत दिसते. तिच्या शेजारून डोंगर फाडल्यासारखी जी अरुंद घळ वर चढत जाते, ती नळी. आधी रान आणि ओढ्यातले मोठाले धोंडे, मग घसारा, मग हातापायांनी चढायचे कातळटप्पे. जवळपास हजार मीटरचा चढ, आणि सराव असलेल्यांनाही दिवसातले सात-आठ तास लागतात. गडावर जायला पाचनईची सोपी वाट आहे, खिरेश्वरहून टोलारखिंडीची आहे. नळीची वाट धरणारा माणूस चढाईसाठीच येतो. म्हणून आमची पहिली विनंती नकाराची आहे : या वाटेवर लोखंडी शिड्या, रेलिंग, रंगाचे बाण यांतले काहीही बसवू नये. शिडी बसली की ज्याने कधी कातळाला हात लावलेला नाही असा माणूसही आत शिरेल, आणि शिडी संपल्यावर नळी तशीच पुढे उभी असेल.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या वाटेवर धोका म्हटला की लोक कड्यावरून पडण्याचाच विचार करतात. आम्हाला त्याहून जास्त भीती वरून येणाऱ्या दगडाची वाटते. वरच्या गटातल्या कुणाचा तरी पाय घसाऱ्यावर सरकतो आणि नारळाएवढा धोंडा सुटतो. तो सरळ खाली येत नाही. या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत, वाटेतले आणखी चार दगड सोबत घेऊन येतो. वरून ‘दगड, दगड!’ अशी आरोळी येते. खालची माणसे अंग कातळाला चिकटवतात, डोके खाली घालतात, पाठीवरची सॅक वर ओढून घेतात. बाजूला व्हायला जागा नसते, कारण नळीला बाजू नाहीच. हेल्मेट असले तर त्यातल्या त्यात बरे. अशा ठिकाणी एकाच सकाळी पाच-सहा गट एकामागोमाग चढू लागले, की वरच्या प्रत्येकाच्या चुकीची किंमत खालच्याला मोजावी लागते. खालचा कितीही निष्णात असो. शनिवारी नेमके हेच घडते. शुक्रवारी रात्री निघालेल्या बसगाड्या पहाटे मोरोशीमार्गे बेलपाड्यात पोहोचतात, पोहे-चहा उरकतो आणि सगळे एकाच वेळी नळीकडे निघतात. पहिल्या कातळटप्प्याखाली रांग लागते, आणि ही रांग लागते ती नेमकी दगडांच्या माऱ्यात.

म्हणून दिवसाला किती माणसे सोडली, एवढा हिशेब पुरेसा नाही. एका वेळी नळीत किती, हे ठरले पाहिजे. आमचा प्रस्ताव असा : वाटाड्यांसह एका गटात पंधरापेक्षा जास्त माणसे नसावीत. पहाटे 5, साडेसहा आणि 8 अशा वेळांना तीनच गट सोडावेत, 8 नंतर कुणालाही सोडू नये. मागच्या गटाने पुढच्याला गाठलेच, तर पुढचा गट टप्पा ओलांडून सुरक्षित जागी पोहोचल्याचे कळेपर्यंत आडोशाला थांबावे. नळीत मोबाइलला रेंज नसते, तेव्हा यासाठी वाटाड्यांना परवान्यासह वॉकी-टॉकी द्यावेत. प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट आणि प्रत्येक गटासोबत दोर, हार्नेस व ते वापरता येणारा माणूस असल्याशिवाय बेलपाड्यातून पुढे जाऊ देऊ नये. दोर नुसता सॅकमध्ये बांधून आणणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. टप्प्यांवर आढळणारे बोल्ट हाही त्यातलाच विषय आहे. ते अनुभवी प्रस्तरारोहकांकडून दरवर्षी तपासून घ्यावेत आणि नवा बोल्ट विनापरवानगी ठोकू देऊ नये.

पावसाळ्यात ही वाट बंद असावी, याबद्दल आमचे दुमत नाही. पाऊस पडला की नळी म्हणजे वाहता ओढाच असतो. अडचण पुढे येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली पावसाळ्यात धबधबे, धरणे, गडकिल्ले अशा ठिकाणी मनाई आदेश काढले जातात, त्यांना एक शेवटची तारीख असते. ती उलटली की लगेच येणाऱ्या शनिवारी गाड्या हजर होतात. कातळावरचे शेवाळ तोवर वाळलेले नसते, आणि पावसाने सैल केलेले दगड अजून कुणाच्या तरी पायाची वाट पाहत असतात. तरी या वाटेचा आदेश स्वतंत्र काढावा, आणि ती उघडण्याआधी गावातल्या जाणत्या वाटाड्यांनी एकदा पूर्ण चढून, सुटे दगड पाडून, ती चालण्याजोगी असल्याचे लेखी द्यावे. त्या कामाची मजुरीही त्यांना मिळावी. उलट डिसेंबर-जानेवारीत, कातळ कोरडा ठणठणीत असताना, कुठेतरी अपघात झाला म्हणून सगळ्याच डोंगरवाटा बंद करणे निरर्थक आहे. अशा बंदीने वाट ओस पडत नाही. वाटाड्याला टाळून, रात्रीच्या अंधारात शिरणारे तेवढे वाढतात.

आणखी एक गोष्ट आपल्याच पातळीवर सुटू शकेल. ही वाट ठाणे जिल्ह्यात सुरू होते आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, 1986 साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात संपते. चढणारे रात्री कड्याजवळ मुक्काम करतात आणि रविवारी बहुतेक जण पाचनईला उतरतात. त्यांची रिकामी बस तोवर माळशेज घाट चढून ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ असा वळसा घालून तिथे पोहोचलेली असते. काही जण खिरेश्वरला, म्हणजे पुणे जिल्ह्यात उतरतात. सकाळी बेलपाड्यातून वर गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी कुठेतरी खाली आला की नाही, हे त्यामुळे एका ठिकाणी कुणालाच ठाऊक नसते. बेलपाडा, पाचनई आणि खिरेश्वर या तिन्ही ठिकाणी एकच जोडलेली नोंदवही असावी. रविवारी सूर्यास्तापर्यंत नोंद जुळली नाही, तर शोध कुणी सुरू करायचा हे आधीच ठरलेले असावे. यासाठी तिन्ही जिल्हाधिकारी, वनविभाग आणि पोलीस यांची एक बैठक आपण बोलवावी, ही विनंती. नळीत जखमी झालेला माणूस हद्द कुणाची हे ठरेपर्यंत थांबू शकत नाही.

आज नळीत कुणी जखमी झाले तर वर धावतात ती बेलपाड्यातली पोरे. चार काठ्या, एक चादर आणि घसाऱ्यावरून पावलापावलाने उतरवलेली झोळी. अंधार पडला तर तोंडात विजेरी धरून. शहरातली बचाव पथके निष्ठेने येतात, पण त्यांना पोहोचायला तास लागतात. बेलपाड्यात घडीचे स्ट्रेचर, दोर, कप्प्या, प्रथमोपचार पेटी आणि बचावाचे रीतसर प्रशिक्षण कायमस्वरूपी उपलब्ध व्हावे, तसेच वाटाडे आणि बचावाला जाणारे ग्रामस्थ यांचा अपघात विमा शासनाने उतरवावा. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणात सुरक्षिततेवर भर आहे. आयोजकांकडून घ्यायच्या शुल्काचा काही भाग या कामी वळवता येईल. शुल्क आकारण्याला आमची हरकत नाही. पावती मिळावी आणि पैसा गावात दिसावा, एवढेच.

पावसाळा संपण्याआधी आपण या विषयावर बैठक घ्यावी आणि तीत बेलपाड्यातल्या वाटाड्यांना बोलवावे. त्याआधी एखाद्या अधिकाऱ्यास प्रत्यक्ष पाहणीसाठी पाठवणार असाल तर स्वागत आहे. पहिल्या कातळटप्प्यापर्यंत सोबत आम्ही येऊ, हेल्मेटही आमच्याकडचे देऊ.

कळावे,

आपले विश्वासू,
बेलपाडा परिसरातील वाटाडे व डोंगरभटके
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर
मा. जिल्हाधिकारी, पुणे
मा. तहसीलदार, मुरबाड